उजवा गुडघा आणि म्हात्रेवहिनींचं ताक

सन २०२४. आषाढातला शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवार आणि श्रावण बरोबरच लागणार होते. एवढं नक्की सांगतो, कारण पुढचं सगळं त्या दिवसापासून मोजायचं आहे.

ठाकुर्लीला माझी पिठाची गिरणी आहे. शिक्षण चौथी. चाळीस वर्षं उभ्याने काम केलं. गिरणीबाहेर एक बाक आहे, त्यावर संध्याकाळी तीन माणसं बसतात. सावंत रेल्वेतून रिटायर. गुप्ते बँकेतून रिटायर. म्हात्रे इथल्याच जुन्या गावातला, स्वतःची रिक्षा चालवतो, तो कशातूनच रिटायर नाही. तिघे मला अण्णा म्हणतात. ह्या बाकावर किस्से पिठासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी परत तेवढेच. आजवर ते दुसऱ्यांचे असायचे आणि मी ऐकून हसायचो. त्या वर्षी सगळे माझे निघाले.

*

आषाढाचा शेवटचा रविवार आम्ही सावंतच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली काढतो. मटण सावंतचं. भात गुप्तेच्या घरून. म्हात्रेची बायको स्टीलची मोठी किटली भरून ताक देते. आलं, कोथिंबीर, हिंग. सगळे त्या ताकासाठी थांबतात. मी पीत नाही. पावसाळ्यात ताकाने मला सर्दी होते.

कोंबडीची कलेजी माझी. त्यात मी कोणाला हात लावू देत नाही. तवा लाल तापवायचा, तीन मिनिटं, बास. चौथ्या मिनिटाला रबर होतं, हे मी दरवर्षी सांगतो.

गुप्तेने एक तुकडा तोडून उजेडात धरला. म्हणाला, "अण्णा, आतून लाल दिसतेय रे."

"ती तशीच असते. बँकेत कलेजी बघितली होतीस का कधी?"

सगळे हसले. गुप्तेने खाल्ली. सावंतने खाल्ली. मी दोघांपेक्षा जास्त खाल्ली. म्हात्रे लहानपणापासून कलेजीला शिवत नाही. त्याने मटण खाल्लं आणि वर दोन ग्लास ताक प्यायला.

*

मंगळवारी गिरणीवर पाटी लागली. 'मशीन दुरुस्ती चालू आहे.' अक्षर माझंच, जरा हललेलं. पाटी तीन दिवस होती.

शुक्रवारी गिरणी उघडली. संध्याकाळी बाकावर गुप्ते आणि सावंत येऊन टेकले. दोघांचे चेहरे धुतलेल्या फडक्यासारखे. जुलाब, ताप, पोटात मुरडा. गुप्तेला सलाईन लावावं लागलं होतं. म्हात्रे ठणठणीत होता.

सावंतने विचारलं, "अण्णा, तुला काही नाही झालं?"

आता हिशेब चौथी पास माणसालाही जमेल असा होता. मी ताक प्यायलो नव्हतो. मी आजारी पडलो म्हटलं असतं, तर आम्हा तिघांनीच खाल्लेली वस्तू एकच उरत होती. आणि ती करणारा मी.

"मला काय होतंय? मशीनचा पट्टा तुटला होता."

"मग आम्हाला कशाने झालं?"

"ताक," मी म्हणालो. "पावसाळी हवा. नासलं असणार."

म्हात्रे म्हणाला, "मी पन प्यालो की."

"तू रोजचा पिणारा. तुझं पोट सरावलंय."

हे मी बोललो. वर ठामपणे बोललो.  म्हात्रे चहा न घेता रिक्षा घेऊन गेला.

त्या दिवसापासून किटली बंद. म्हात्रेवहिनी भाकरीचे तांदूळ तीस वर्षं माझ्याकडे दळायच्या. त्या डबा घेऊन डोंबिवलीला जायला लागल्या. माझ्या गिरणीसमोरून जायच्या, मान सरळ ठेवून. म्हात्रे मात्र बाकावर येत राहिला. त्याने येणं बंद केलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

*

श्रावणाचा चौथा सोमवार. उपवासाची दळणं सकाळी आधी, दगड पुसून घेऊन, ही आमच्याकडची रीत. पहिला डबा वरीचा. मी डबा खांद्यावर घेऊन स्टुलावर पाय ठेवला आणि उजवा गुडघा दुमडेना. खाली बघितलं, तर गुडघ्याच्या जागी भोपळा. हात लावला, तर गरम.

दोन दिवसांनी डावी टाच. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पडल्यासारखं. मग उजवा डोळा लाल झाला.

माणसाचा एक डोळा लाल आणि चाल वाकडी असली की लोक काय समजतात ते मला माहीत होतं. मी स्वतः आयुष्यभर तेच समजत आलो. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई वरीचं पीठ न्यायला आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अण्णा, निदान श्रावण तरी पाळायचा."

*

गुप्ते मोबाईलवर वाचतो. त्याने बाकावर बसूनच निदान केलं. युरिक ॲसिड. मी म्हटलं, रक्त तपासून घेऊ. तो म्हणाला, तपासायचं काय त्यात, लक्षणं समोर आहेत. डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद.

दोन महिने मी तूरडाळ खाल्ली नाही. आमच्या घरात वरणावाचून ताट वाढत नाहीत. मी भातावर दूध घेऊन जेवायचो आणि बायको समोर बसून वरणभात जेवायची. मुद्दाम सावकाश.

शेवटी रक्त दिलं. रिपोर्ट गुप्तेनेच वाचला. वाचून घडी घालायला लागला. सावंतने कागद त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाला, "अण्णाचं युरिक ॲसिड तुझ्यापेक्षा कमी आहे, गुप्ते."

*

मधे गणपती आले. मोदकाच्या पिठीची गर्दी वर्षातून एकदाच, आणि मी खुर्चीवर पाय लांब करून. बायको स्टुलावर चढली. मी खुर्चीतून सूचना देत होतो. दगड घट्ट कर, सैल कर, पहिली मूठ बाजूला काढ. ती एकही ऐकत नव्हती. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, असं नंतर म्हणाली. चाळीस वर्षं त्याच आवाजात माझं सगळं ऐकत होती.

गणपती झाल्यावर तीन घरांतून निरोप आला. ह्या वर्षी पिठी फार छान निघाली. अण्णांनी नवीन दगड बसवला का?

*

मग सावंतने कल्याणला एका मालीशवाल्याकडे नेलं. बोटं माझ्या मनगटाएवढी. त्याने गुडघा दाबून बघितला आणि म्हणाला, वात अडकलाय, आजच्या आज बाहेर काढतो. अर्धा तास तो बाहेर काढत होता. मी ओरडलो नाही. बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या दोघांनी मात्र माझा चेहरा पाहून आपापल्या चपला घातल्या.

वात बाहेर निघाला. दुसऱ्या दिवशी घोट्यात सापडला.

*

दिवाळीआधी एका दुपारी म्हात्रेने रिक्षा गिरणीच्या पायरीला लावली. म्हणाला, "बस."

"कुठे?"

"घोडबंदर रोडला. सांध्यांची डाक्टर हाय. हाडांची येगली असते, सांध्यांची येगली. एक पॅसेंजर सांगत व्हती."

मी म्हटलं, मला गरज नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि रस्त्यातच बसून राहिला. मागून हॉर्न वाजायला लागले. माझ्यामुळे रस्ता अडलेला मला सहन होत नाही, हे त्याला माहीत आहे.

पाय दुमडत नव्हता. मी मागच्या सीटवर आडवा बसलो, पाठ एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूने थोडा बाहेर. घोडबंदर रोडला गाड्या हलत नव्हत्या. शेजारच्या बसमधल्या पोरीने माझ्या पायाचा फोटो काढला. उतरताना मी खिशात हात घातला. म्हात्रेने मीटर पाडलंच नव्हतं.

माझ्यामुळे त्याच्या बायकोचं ताक अख्ख्या आळीत नासलेलं ठरलं होतं. आणि हा माझी फाईल काखेत धरून माझ्याआधी लिफ्टपाशी उभा होता.

*

डॉक्टर तरुण बाई. आधी तिने गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं. मोठी सिरिंज भरली. पिवळं, गढूळ. मी बघितलं आणि म्हणालो, "हे तुरीच्या वरणासारखं दिसतंय."

"तसंच दिसतं कधी कधी."

"मी दोन महिने खाल्लं नाही. इथे साठत होतं वाटतं."

ती हसली. पाणी तपासायला पाठवलं. आम्ही थांबलो. दुपार गेली. काही रिपोर्ट नंतर यायचे होते, पण पहिला आला. त्यात जंतू दिसत नव्हते, युरिक ॲसिडचे खडेही नव्हते. मग ती खुर्ची ओढून समोर बसली. म्हात्रे माझ्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर फाईल.

"काका, हे सुरू व्हायच्या आधी महिनाभरात पोट बिघडलं होतं? जुलाब, ताप?"

म्हात्रे माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

तिने लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं. अशा दुखण्यात जंतू सांध्यात नसतात. ते दुसरीकडून शरीरात शिरतात. शरीर त्यांच्याशी लढतं, जंतू जातात, पण लढणारे शांत होत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ते आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. गुडघा, घोटा, टाच, कधी डोळा. दोषी पळून गेलेला असतो, मार भलत्याला बसतो. हे येण्याचे मुख्य मार्ग दोन. एक पोटाचा.

तिने पेन खाली ठेवलं.

"लघवीला जळजळ झाली होती का?"

"थोडी."

"मग हे विचारावं लागतं, काका. रागावू नका. दुसरा मार्ग म्हणजे शरीरसंबंधातून होणारा संसर्ग. बाहेर कुठे संबंध आला होता का?"

माझं वय तेव्हा एकोणसत्तर. खोलीत एसी चालू होता आणि मला घाम आला. 'पोट बिघडलं होतं' म्हटलं तर कलेजी, आणि कलेजी म्हटलं की शेजारी म्हात्रे. 'संबंध नाही' म्हटलं तर ती परत पोटावर येणार.

मी ताठ बसलो आणि म्हणालो, "विचार करून सांगतो."

*

परत येताना म्हात्रेने माजिवड्यापर्यंत नजर रस्त्यावरच ठेवली. खाडीच्या पुलावर रिक्षा हळू केली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तीस वर्षांत न दिसलेला मान होता.

"अण्णा, मी कोनाला नाय सांगनार. घरीपन नाय."

मी बाहेर बघितलं.

पूल संपल्यावर तो परत म्हणाला, "पन गिरनी तं सकाल-सांज चालू असते. तुला येल कवा गावला?"

*

घरी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळायची थांबली.

"पहिल्या दिवशी अकरा वेळा उठलात. मी मोजलंय. ते सांगायची लाज वाटली, आणि हे चाललं?"

 तिने पिठाच्या हातानेच फोन माझ्यासमोर ठेवला.

"डॉक्टर," मी म्हणालो, "पोट बिघडलं होतं. ऑगस्टमध्ये. तीन दिवस."

"मघाशी विचारलं तेव्हा आठवलं नाही का, काका?"

"आठवलं होतं."

 ती म्हणाली, सांगितलंत ते बरं केलंत. डॉक्टरपासून जुलाब लपवले, तर डॉक्टर नसलेला आजार शोधत बसतो. चित्र आता जुळतंय. तरी लघवीची एक तपासणी करून टाकू, शंका नको.

ती तपासणीही स्वच्छ आली. बायकोने तो रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचला.

*

आजाराचं नाव रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस. मी पाठ केलं. सूज उतरवायच्या गोळ्या, जेवणानंतरच, आणि माझ्या वयामुळे अधूनमधून किडनीचं रक्त तपासायचं. गुडघ्यात एक इंजेक्शन. फडक्यात गुंडाळून बर्फ. डोळा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचा. मालीश बंद. जंतू कधीच गेलेत, म्हणून जंतूंच्या गोळ्या नकोत. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात बरं होतं, काहींचं रेंगाळतं, काहींना परत होतं. आणि डाळ खा, असं तिने न विचारता सांगितलं.

एक गोष्ट तिने सहज सांगितली, ती मात्र मी बाकावर तीनदा सांगितली. हा आजार जास्त करून विशी ते चाळिशीत होतो. माझ्या वयाला क्वचित.

गुप्ते म्हणाला, "मग तुला कसा झाला?"

"शरीर तरुण असेल."

"पण होतो कशाने?"

"इन्फेक्शनने."

"कसलं इन्फेक्शन?"

मी तोंड उघडायच्या आत म्हात्रे म्हणाला, "त्याला नको इचारू." आणि मला डोळ्याने खूण केली, काळजी करू नकोस म्हणून.

त्या संध्याकाळी चहा न घेता मी उठलो.

*

सूज उतरल्यावर व्यायाम लागला. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. पुढे घोट्याला वजन बांधून. फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली, दोन किलोची पट्टी विकत मिळते. मी म्हटलं, माझ्याकडे वजनं आहेत.

गिरणीत इलेक्ट्रॉनिक काटा आहे. वीज गेली की जुना तराजू काढतो. एकदा वीज गेली. तराजू काढला. गिऱ्हाइकाची ज्वारी तोलायची, आणि दोन किलोचं लोखंडी वजन सापडेना. बायकोने फळी शोधली, पोती हलवली. गिऱ्हाईकही शोधायला लागलं. मी खुर्चीत बसून दोघांना रागावत होतो की ह्या घरात वस्तू जागेवर नसते.

गिऱ्हाईक खाली वाकलं होतं. ते म्हणालं, "अण्णा, तुमच्या पायाला काय बांधलंय?"

*

संक्रांतीला गुडघा दुमडला. पाडव्याला मी स्टुलावर चढलो. बायको खालीच उभी राहिली, डबा हातात धरून. मी म्हटलं, दे. ती म्हणाली, पिठी मात्र मीच करणार.

*

सन २०२५. आषाढातला शेवटचा रविवार.

सकाळी मी चालत म्हात्रेच्या घरी गेलो. म्हात्रे गच्चीवर गेला होता. वहिनी ओट्यावर मासळी साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वहिनी, ताक पाहिजे. किटलीभर."

"कशाला? परत सगल्यांची पोटं धुवायची हायेत?"

"तुम्ही पण चला."

"गच्चीव? बाप्यांत?"

"हो."

आता त्यांनी मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग हात धुतले.

सावंतच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. चार मजले. किटली मी घेतली. त्या मागे होत्या. तिसऱ्या मजल्यावर म्हणाल्या, द्या इकडे. मी दिली नाही. गुडघा टिकला.

शेडखाली तिघे बसले होते. वहिनींना बघून सावंतने बनियनवर शर्ट चढवला. तवा मी त्या वर्षी आणलाच नव्हता. कोणी विचारलं नाही. मी किटली मधोमध ठेवली आणि उभ्यानेच बोललो. वाक्यं दोन दिवस पाठ केली होती.

"मागच्या वर्षी तीन दिवस मशीन बंद नव्हतं. मी बंद होतो. आणि ताक मी प्यायलो नव्हतो."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. गुप्तेने सावंतकडे बघितलं. सावंतने, जिथे दरवर्षी तवा असतो, त्या रिकाम्या शेगडीकडे बघितलं.

म्हात्रे माझ्या कानाशी आला. "म्हंजे ती दुसरी भानगड?"

"नव्हती."

"काहीच नव्हती?"

"काहीच नाही."

"आन मी वरीसभर तोंड शिवून बसलो." त्याचा चेहरा जरा उतरला.

वहिनी अजून उभ्याच होत्या. त्यांनी किटलीचं झाकण काढलं.

"किती दिस बंद व्हती म्हनालात मशीन?"

"तीन."

त्यांनी तीन ग्लास ओळीने मांडले. तिन्ही काठोकाठ भरले.

मी पहिला प्यायलो. दुसरा प्यायलो. तिसरा प्यायलो आणि उपडा ठेवला.